वाचकांचे प्रश्न : ज्वाला विझवूनही आवाजाच्या पुढे

प्रश्न : माझे आजोबा ओझरच्या मिग कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे लहानपणापासून लढाऊ विमानांविषयी घरात ऐकत आले. सुखोई उठताना त्याच्या मागे दोन लांब ज्वाला दिसतात. त्या आफ्टरबर्नरच्या आहेत आणि ध्वनीचा वेग ओलांडायला त्या लागतातच, असे आजोबा सांगत. मात्र काही विमाने आफ्टरबर्नर न पेटवताही ध्वनीपेक्षा अधिक वेगाने सलग उडत राहतात, असे अलीकडे वाचले. सुखोईचे इंजिन एवढे ताकदवान असताना त्याची गणना या विमानांत का होत नाही? (अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, ओझर)

उत्तर : आपल्या आजोबांनी सांगितलेले त्यांच्या काळातल्या बहुतेक सर्व लढाऊ विमानांना तंतोतंत लागू होते. ओझरच्या कारखान्याची उभारणी १९६४ मध्ये मिग-२१ साठी झाली आणि ते विमान ज्वालेच्या जोरावरच आवाजाच्या दुप्पट वेगापर्यंत पोहोचत असे. आपण ज्या क्षमतेविषयी विचारले आहे तिला वैमानिक आणि अभियंते ‘सुपरक्रूझ’ म्हणतात. ध्वनीच्या वेगापलीकडे, सरळ पातळीत, आफ्टरबर्नर बंद ठेवून टिकून राहणे, एवढाच तिचा अर्थ आहे. ही क्षमता एकट्या इंजिनाची मानली की प्रश्न सुटत नाही, कारण ती हवा आत घेणारे तोंड, इंजिन, मागचे नॉझल आणि विमानाचा देह या चौघांची मिळून असते.

आधी आफ्टरबर्नर काय करतो ते पाहू. जेट इंजिनात कॉम्प्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि उरलेल्या दाबाच्या बळावर नॉझलमधून वेगाने मागे फेकला जातो. ज्वलनकक्षात लागेल तेवढे इंधन जाळता येत नाही, कारण पुढे असलेल्या टर्बाइनच्या पात्यांना सोसेल एवढेच तापमान ठेवावे लागते. परिणामी हवेतला बराचसा ऑक्सिजन न वापरता मागे जातो. टर्बाइनच्या पाठीमागे एक लांब नळी जोडून त्या शिल्लक ऑक्सिजनवर पुन्हा इंधन पेटवणे म्हणजे आफ्टरबर्नर. तेथे फिरणारी पाती नसल्याने तापमान पुष्कळ वाढवता येते, आणि वायूचा बाहेर पडण्याचा वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे केल्व्हिनमध्ये मोजलेले तापमान सव्वादोन पट झाले तर रेटा सुमारे दीडपट होतो. सुखोई-३० एमकेआयच्या एएल-३१एफपी इंजिनाचा रेटा साधारण ७,७०० किलोवरून १२,५०० किलोपर्यंत चढतो, तो याच मार्गाने.

या दीडपटीची किंमत मात्र तिप्पट ते चौपट इंधनाची असते. त्याचे कारण उष्मागतिकीतले आहे : उष्णता जितक्या जास्त दाबाखाली दिली जाते तितका तिचा मोठा हिस्सा कामात रूपांतरित होतो, आणि टर्बाइनमधून बाहेर आलेल्या वायूचा दाब ज्वलनकक्षातल्या दाबाच्या मानाने फारच उतरलेला असतो. जमिनीलगत दोन्ही ज्वाला पूर्ण पेटवून ठेवल्या तर सुखोईच्या पोटातले सुमारे साडेनऊ टन इंधन पंधरा मिनिटेसुद्धा पुरणार नाही. उंचीवर हवा विरळ असल्याने खप पुष्कळ कमी होतो, तरीही काही मिनिटांची झेप यापलीकडे ज्वालेचा उपयोग सहसा होत नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. विमानाला मिळणारा रेटा काढताना इंजिनातून दर सेकंदाला जाणारी हवा एका वजाबाकीने गुणावी लागते. वायूच्या बाहेर पडण्याच्या वेगातून विमानाचा स्वतःचा वेग वजा करायचा असतो. मी अनेक वर्षे नाशिकमध्ये हा विषय शिकवला, आणि विद्यार्थ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष या वजाबाकीकडे होते असा माझा अनुभव आहे. माहितीपत्रकात छापलेला रेटा विमान जमिनीवर उभे असतानाचा असतो, म्हणजे वजा करायचा आकडा तेथे शून्य असतो. समजा, दोन इंजिने सारखीच हवा घेतात, पण एक ती सेकंदाला ६०० मीटर वेगाने फेकते आणि दुसरे ९०० मीटर वेगाने. जमिनीवर दुसरे पहिल्याच्या दीडपट ठरेल. अकरा किलोमीटर उंचीवर आवाजाच्या दीडपट वेगाने, म्हणजे मॅक १.५ ने, विमान सेकंदाला सुमारे ४४० मीटर पुढे जात असते. तेथे पहिल्याच्या वाट्याला १६० उरतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला ४६०. जमिनीवरची दीडपट आकाशात जवळजवळ तिप्पट होते.

म्हणून सुपरक्रूझसाठी कमी हवा फार वेगाने फेकणारे इंजिन लागते. प्रवासी विमानांच्या इंजिनांत बहुतेक हवा मुख्य गाभ्याला वळसा घालून संथपणे मागे जाते. ते इंधनाच्या दृष्टीने किफायतशीर असते, पण आवाजाच्या पलीकडे ती हवा उपयोगाची राहत नाही. लढाऊ विमानांत वळसा घालणाऱ्या हवेचे गाभ्यातील हवेशी प्रमाण बरेच कमी असते. सुखोईच्या इंजिनात ते ०.६ च्या आसपास आहे, युरोफायटरच्या ईजे-२०० मध्ये ०.४ आणि अमेरिकेच्या एफ-२२ विमानाच्या एफ-११९ इंजिनात सुमारे ०.३. सुखोईचे इंजिन लांब पल्ला, मोठा भार आणि गरज पडेल तेव्हा ज्वालेची झेप या मागण्यांसाठी घडवलेले आहे, आणि त्या मागण्या ते उत्तम रीतीने पूर्ण करते. ते दुर्बल आहे असा निष्कर्ष यातून कृपया काढू नये.

दुसरी गोष्ट तापमानाची आहे आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सिअस इतकी थंड असते, परंतु वेगाने येणाऱ्या विमानाच्या तोंडाशी ती अडवली गेली की गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मॅक १.५ ला हे तापमान ४१ अंशांपर्यंत चढते, म्हणजे बाहेर गोठवणारी थंडी असताना इंजिन नाशिकच्या मे महिन्यातल्या भर दुपारची हवा श्वासात घेत असते. मॅक २ ला तेच ११७ अंशांवर जाते. इंजिनाची प्रमाण कामगिरी १५ अंश तापमानाच्या हवेवर मोजतात, आणि त्या उंचीवर मॅक १.३ च्या किंचित आधीच तोंडाशी येणारी हवा १५ अंशांची झालेली असते. जे इंजिन १५ अंशांनाच आपल्या टर्बाइनच्या कमाल तापमानाला टेकलेले असेल त्याला यापुढे प्रत्येक अंशागणिक इंधन आवरते घ्यावे लागते, आणि नेमका जोर हवा तेव्हा त्याचा रेटा ओसरू लागतो. सुपरक्रूझसाठी आखलेले इंजिन जमिनीवर मुद्दाम हात राखून चालवले जाते. टर्बाइनची पाती सोसू शकतील त्यापेक्षा कमी तापमानावर ते उड्डाण घेते आणि राखून ठेवलेला वाव वेगात, गरम हवेत, वापरते. उष्णता सोसण्याचा हा वाव कोठून आणायचा, हे पुढच्या प्रश्नात येईल.

तापमानाबरोबर दाबही वाढतो, आणि तो उपकारक असतो. आदर्श स्थितीत मॅक १.५ ला हवेचा दाब केवळ वेगामुळे ३.६७ पट होतो आणि मॅक २ ला ७.८ पट. अकरा किलोमीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम २२ टक्के असला तरी मॅक १.५ ने जाणाऱ्या विमानाच्या इंजिनापर्यंत तो ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकतो. हे फुकटचे दान मात्र हवेचे तोंड किती काळजीने घडवले आहे यावर अवलंबून असते, कारण स्वनातीत हवा इंजिनात शिरण्याआधी ध्वनीच्या वेगाखाली आणावी लागते आणि तो बदल आघात तरंगांमधून, म्हणजे हवेचा दाब जेथे एकदम उसळतो अशा अतिशय पातळ पडद्यांमधून, होतो. एकाच सरळ आघात तरंगातून हवा नेली तर मॅक १.५ ला सात टक्के दाब वाया जातो, पण मॅक २ ला २८ टक्के. म्हणूनच जास्त वेगाच्या विमानांत तिरप्या तरंगांची मालिका उभी करतात. मिग-२१ च्या नाकातला पुढे-मागे सरकणारा शंकू आपल्या आजोबांनी हाताळला असेल. त्याचे काम हेच होते. सुखोईच्या तोंडातील हलत्या फळ्याही तेच करतात.

उरला विमानाचा देह. आवाजाच्या वेगाजवळ आघात तरंग तयार होऊ लागले की हवेचा रोध एकदम उसळतो आणि रोधाचा गुणांक, म्हणजे वेगाच्या वर्गाचा वाटा वगळून उरणारे रोधाचे माप, साधारण मॅक १.१ ते १.२ च्या पट्ट्यात शिखर गाठून पुढे उतरू लागतो. कसारा घाट चढून इगतपुरीला आलेल्या रेल्वेगाडीला जसे पुढे जादा इंजिन लागत नाही, तसे काही विमानांचे होते : चढण ओलांडायला ज्वाला लागते, पुढे ती विझवली तरी चालते. मात्र ही तुलना फार ताणू नये. गुणांक उतरला तरी वेगाच्या वर्गाबरोबर एकूण रोध वाढतच राहतो, आणि रेटा व रोध जेथे समान होतात तेथे विमान स्थिरावते. तो बिंदू आवाजाच्या पलीकडे नेण्यासाठी देह सडसडीत हवा, आणि नाकापासून शेपटापर्यंतच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ हळूहळू वाढून हळूहळू कमी व्हायला हवे. अमेरिकेत रिचर्ड व्हिटकम्ब यांनी १९५२ मध्ये हा नियम मांडला. त्या सुमारास बनलेल्या वायएफ-१०२ विमानाला आवाजाचा वेग काही ओलांडता येईना. मग त्याच्या मधल्या भागाला कंबर दिली आणि १९५४ च्या डिसेंबरमध्ये सुधारलेल्या नमुन्याने तो ओलांडला.

पंखांखाली लटकणारी क्षेपणास्त्रे आणि इंधनाच्या टाक्या या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात. एफ-२२ मध्ये शस्त्रे पोटातल्या बंद कप्प्यांत ठेवण्यामागे रडारपासून लपणे हे मोठे कारण आहेच, पण मॅक १.५ च्या वर ज्वालेविना टिकण्याची त्याची क्षमता रोजच्या युद्धसज्ज स्थितीतही शिल्लक राहते ती याच कप्प्यांमुळे. एखाद्या विमानाच्या सुपरक्रूझचा आकडा वाचाल तेव्हा त्या वेळी पंखांखाली काय होते, हे अवश्य विचारावे.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनच्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या पी-१ या प्रायोगिक विमानाने ११ ऑगस्ट १९५४ रोजी, आफ्टरबर्नर नसलेल्या इंजिनांवर, सरळ पातळीत आवाजाचा वेग ओलांडला होता. सर्वांत दीर्घकाळ सुपरक्रूझ करणारे विमान तर लढाऊ नव्हतेच. १९७६ ते २००३ या काळात प्रवाशांना नेणारे काँकॉर्ड उड्डाणासाठी आणि पुन्हा मॅक ०.९५ ते १.७ या चढणीसाठी ज्वाला पेटवत असे, आणि नंतर ती विझवून मॅक २ च्या वेगाने अटलांटिक महासागर ओलांडत असे. त्या वेगात त्याच्या एकूण रेट्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा इंजिनाच्या पुढच्या तोंडातल्या दाबामुळे मिळत असे. एकट्या इंजिनाकडे बोट दाखवू नये असे मी आरंभी म्हटले, त्याला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. जेट इंजिनातला वायू धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो असे ऐकले. मग पाती वितळत कशी नाहीत? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि वरच्या उत्तरातला उष्णतेचा वाव याच पात्यांतून येतो. टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूंची असतात आणि ते मिश्रधातू साधारण १,३०० ते १,४०० अंशांच्या दरम्यान वितळतात. आधुनिक लढाऊ इंजिनांत पहिल्या पात्यांवर येणारा वायू १,५०० अंशांच्याही पुढे असतो. त्यावर ताण किती येतो, तेही पाहा. ३०० ग्रॅमचे पाते ३० सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला १३,००० फेरे घेत असेल तर त्याच्या मुळाशी सुमारे १७ टनांची ओढ येते. लालबुंद तापलेल्या अवस्थेत ही ओढ तासन्‌तास सोसायची, तीही लांबी न वाढू देता, कारण पात्याचे टोक आणि बाहेरचे कवच यांत अगदी थोडे अंतर असते.

यावर तीन उपाय एकत्र योजतात. पहिला, पाते आतून पोकळ करून त्यात कॉम्प्रेसरमधली हवा फिरवतात. ही हवासुद्धा कित्येक शे अंश तापलेली असते, पण वायूच्या मानाने थंडच. ती पात्याच्या पृष्ठभागावरील बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि पात्याभोवती एक पातळ पांघरूण तयार करते. ही छिद्रे पाडायला लेसर किंवा ईडीएम, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याची पद्धत, वापरतात. साचे करताना आपण जे ईडीएम यंत्र चालवत असाल त्याच तत्त्वावर, फक्त छिद्राचा व्यास, तिरपेपणा आणि तोंडाचा पसरट आकार यांत चूक मुळीच खपत नाही. दुसरा उपाय म्हणजे झिर्कोनियाचा, चिनी मातीच्या भांड्यावरील लुकणासारखा थर, जो उष्णता धातूपर्यंत सहज पोहोचू देत नाही.

तिसरा उपाय माझ्या दृष्टीने मानवी कारागिरीच्या सर्वोच्च कामांपैकी एक आहे. साध्या ओतकामात धातू गोठताना असंख्य स्फटिककण तयार होतात, आणि तापलेले पाते ताणाखाली हळूहळू लांबते ते प्रामुख्याने या कणांच्या सीमांवरून. सीमाच नसतील तर? मेणाचा नमुना करून त्याभोवती मातीचा साचा चढवायचा आणि मेण वितळवून काढायचे, ही पद्धत आपल्याकडचे मूर्तिकार शतकानुशतके वापरत आले आहेत. पात्याचा साचाही तसाच होतो. मात्र धातू ओतल्यावर तो साचा भट्टीतून अतिशय सावकाश खाली उतरवतात, म्हणजे गोठण्याची क्रिया तळापासून वर सरकत जाते. तळाशी मळसूत्रासारखी एक वळणदार अरुंद वाट ठेवलेली असते. तीतून जाताना बाकीचे स्फटिक अडतात, एकच वर निसटतो, आणि संपूर्ण पाते त्या एकाच स्फटिकाचे बनते. जगात हे तंत्र मोजक्याच देशांना साधले आहे. आपल्याकडे हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी पाती तयार करून २०२१ मध्ये ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. लढाऊ विमानाच्या इंजिनाची गरज याहून कठोर असते, पण वाट हीच आहे.

प्रश्न : आता नाशिकमध्ये तेजस बनू लागले आहे. ते सुपरक्रूझ करेल का? आणि या क्षमतेचा प्रत्यक्ष उपयोग काय? (निवृत्त सैनिक, देवळाली कॅम्प)

उत्तर : तेजस मार्क-१ए चे नाशिकमध्ये तयार झालेले पहिले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून उडाले. त्यात जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ जातीचे एकच इंजिन आहे, शस्त्रे व जादा टाक्या पंखांखाली व पोटाखाली असतात, आणि आवाजाच्या पलीकडे जाण्यासाठी त्याला आफ्टरबर्नर वापरावा लागतो. सुपरक्रूझ ही त्याच्या आखणीतली अटच नव्हती. पुढच्या ‘ॲमका’ या विकसित होत असलेल्या भारतीय लढाऊ विमानात शस्त्रांसाठी बंद कप्पा आहे आणि ही क्षमता अपेक्षित आहे. त्याच्या विकासासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत विकसित झालेले आपले कावेरी इंजिन तेजसपर्यंत पोहोचू शकले नाही, त्याच्या अनेक कारणांपैकी तापलेल्या भागाचे धातुशास्त्र हे एक होते. म्हणून ॲमकाविषयी बोलताना विमानाच्या बाह्य आकाराइतकीच चर्चा भट्टीची आणि साच्याची व्हावी, असे मला मनापासून वाटते.

उपयोगाचे म्हणाल तर एक हिशेब करू. नाशिक ते नागपूर हवाई अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर आहे. मॅक १.५ ने अकरा किलोमीटर उंचीवरून, म्हणजे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने, ते एकवीस मिनिटांत कापता येईल. ज्वाला पेटवून हेच करणारे लढाऊ विमान पोहोचेपर्यंत इंधनाची चिंता करू लागते आणि तेथे थांबून लढण्याची त्याची ताकद उरत नाही. शिवाय वेगात आणि उंचीवरून सोडलेले क्षेपणास्त्र दूरवर जाते, कारण विमानाचा वेग त्याला आयता मिळतो. ज्वाला नसल्याने मागच्या वायूची उष्णताही कमी असते, आणि उष्णता टिपणाऱ्या संवेदकांना विमान दिसण्याचे अंतर घटते. तरीही देह हवेच्या घर्षणाने तापतोच, त्यामुळे ते अदृश्य होते असे समजू नये.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेवरून विमाने नेहमी जातात. आवाजाची भिंत फुटते त्या एकाच क्षणी स्फोटासारखा आवाज होतो ना? आफ्टरबर्नर बंद असेल तर तो होणार नाही का? (शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, परंतु त्या इतक्या सर्वत्र आहेत की आपण विचारले हे बरे झाले. हा दणका विमानाच्या देहावर तयार होणाऱ्या आघात तरंगांचा असतो, ज्वालेचा नव्हे. त्यामुळे आफ्टरबर्नर पेटलेला असो वा नसो, दणका होतोच. तो एका क्षणापुरताही नसतो. विमान आवाजाच्या पुढे आहे तोवर तरंगांचा शंकू त्याच्या मागे जमिनीवरून ओढला जात असतो, आणि अकरा किलोमीटर उंचीवरच्या विमानाखाली या पट्ट्याची रुंदी पन्नास-साठ किलोमीटर असू शकते. पट्ट्यातल्या प्रत्येकाला तो एकदाच ऐकू येतो, म्हणून एकदाच झाला असे वाटते. सलग सुपरक्रूझ करणारे विमान तर निफाडपासून येवल्यापर्यंत आणि त्याही पुढे प्रत्येक गावाला क्रमाने दणका देत जाईल. म्हणूनच काँकॉर्डला हा वेग बहुतांशी समुद्रावरच घ्यावा लागे.

एक अपवाद आहे. उंचावर हवा थंड असल्याने आवाज तेथे सेकंदाला २९५ मीटर वेगाने जातो, तर जमिनीलगत ३४० मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक वेगाने. विमान उंचावरच्या आवाजाच्या किंचित पुढे, पण जमिनीवरच्या आवाजाच्या मागे असेल, म्हणजे त्या उंचीवर साधारण मॅक १.१५ पर्यंत, तर तरंग खाली येता येता वळून पुन्हा वर जातात आणि बागेत काहीच ऐकू येत नाही.